एक जूनपासून मागे मोजा: कोकणच्या समुद्रात पिंजरा मत्स्यशेतीची संशोधन-उद्योग भागीदारी कशी उभारावी

कोकण किनाऱ्यावर पिंजरा मत्स्यशेतीचे, म्हणजे समुद्रात तरंगत्या जाळ्याच्या पिंजऱ्यात मासे वाढवण्याचे, प्रकल्प बुडतात ते बहुतेक वेळा माशांमुळे नव्हे, तारखांमुळे. संशोधन संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, कंपनीला तिमाहीचा हिशोब द्यायचा असतो, आणि समुद्र या दोघांनाही विचारत नाही. इथे उघड्या समुद्रात पिंजरा टिकतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे जेमतेम दोनशे दिवस. सामंजस्य करार, खरेदी, बीज (माशांची पिल्लं), खाद्य, चाचण्या हे सगळं या दोनशे दिवसांत बसवावं लागतं. म्हणून करार लिहायला बसलात की आधी कॅलेंडर समोर ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडावरच्या १ जूनपासून मागे मोजत या.

हा लेख मच्छीमार सहकारी संस्था, खाद्य, जाळी किंवा प्रक्रिया क्षेत्रातल्या छोट्या-मध्यम कंपन्या आणि त्यांच्याबरोबर काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ यांच्यासाठी आहे.

कोणाकडे काय आहे

भारतात उघड्या समुद्रातला पहिला पिंजरा २००७ मध्ये विशाखापट्टणमजवळ उतरला, तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने. याच संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला २०१० मध्ये कोबिया आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनो या समुद्री माशांचं बीज तयार केलं. सिंधुदुर्गातल्या माणसाने संस्थेच्या मुख्यालयात कोचीला जाण्याआधी तिचं कारवारचं केंद्र पाहावं. तिथला पाऊस, वारा आणि लाट आपल्यासारखीच आहे, त्यामुळे तिथे टिकलेली गोष्ट इथेही टिकण्याची शक्यता जास्त. जिताड्याच्या (सीबास माशाच्या) प्रजननाचं काम चेन्नईच्या सीबाचं, म्हणजे केंद्रीय निमखारे पाणी जलकृषी संस्थेचं, आणि बीज मिळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे एमपीईडीए या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाचं राजीव गांधी जलकृषी केंद्र. पिंजऱ्याची रचना आणि तो नांगराला बांधण्याची पद्धत यांवर चेन्नईच्याच एनआयओटीने, म्हणजे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने, काम केलं आहे. पाण्याच्या अभ्यासाला गोव्याची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

पण रोज होडीत बसून जाणारा भागीदार जवळचाच हवा. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, ही दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाची. रायगडकरांना मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) गाठता येते. मोठं नाव दूरचं आणि हात जवळचा, अशी जोडी बरी चालते: तंत्र आणि बीज सीएमएफआरआयकडून, पंधरवड्याचं मोजमाप शिरगावच्या विद्यार्थ्यांकडून.

कंपनी पैसा, खाद्य किंवा साहित्य आणि बाजार आणते. मच्छीमार संस्था जागा, होड्या, राखण आणि समुद्राची माहिती आणते. करारात या तिसऱ्या भागाची किंमत बहुधा ‘स्थानिक सहकार्य’ या दोन शब्दांत उरकली जाते, आणि पहिल्या वादळात तिथेच भांडण लागतं. तांडेलाचे (होडीच्या म्होरक्याचे) दिवस, होडीचं डिझेल, रात्रीची राखण यांचे रुपये लिहा.

आधी प्रश्न ठरवा, आणि एकच ठरवा

‘पिंजरा मत्स्यशेतीचा विकास’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. ‘जिताड्याला अ खाद्य परवडतं की ब’ हा होतो. प्रश्न ठरला की पिंजऱ्यांची संख्या आपोआप ठरते. दोन खाद्यांची तुलना करायची तर प्रत्येक खाद्याला किमान तीन पिंजरे, म्हणजे सहा. एका पिंजऱ्यात एक खाद्य आणि दुसऱ्यात दुसरं घालून जो निकाल येतो, तो खाद्याचा की जागेचा, हे कुणालाच सांगता येत नाही. तीन पिंजऱ्यांइतकेच पैसे असतील तर तुलनेचा नाद सोडा. एकच पद्धत नीट राबवून वाढ, मरतूक आणि खर्च यांची स्वच्छ नोंद काढा. तेही उपयोगी संशोधन आहे.

आकडे असे येतात. सहा मीटर व्यासाच्या आणि चार मीटर खोल जाळ्याच्या पिंजऱ्यात सुमारे ११३ घनमीटर पाणी मावतं. पॉम्पॅनो घनमीटरला ३० धरले तर एका पिंजऱ्याला ३,४०० बोटुकली (बोटभर पिल्लं). ८० ग्रॅमची सोडली आणि ऐंशी टक्के जगून ५०० ग्रॅमची झाली तर साधारण १,३५० किलो मासळी निघते. १.८ किलो खाद्याला एक किलो वाढ हे प्रमाण धरलं तर पिंजऱ्यामागे दोन टन खाद्य, सहा पिंजऱ्यांना बारा टन. कोबिया घनमीटरला आठ-दहाच सोडायचा. तो साताठ महिन्यांत अडीच-तीन किलोपर्यंत जातो, पण खातोही तसाच.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत १०० ते १२० घनमीटरच्या समुद्री पिंजऱ्याचा एकक खर्च पाच लाख रुपये धरला आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. अनुदान हातात येण्याआधी खर्च करावा लागतो, त्यामुळे मधल्या महिन्यांचं भांडवल कोण घालणार हे करारात लिहा.

जागा: एक वर्ष आधी

पाहणी एकदाच करून चालत नाही. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशी किमान तीनदा हवी, आणि दर वेळी उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही. उत्तरेकडे भरती-ओहोटीचा फरक वाढत जातो, म्हणून रायगडात ओढ (पाण्याचा प्रवाह) आणि गढूळपणा जास्त, मालवणकडे पाणी तुलनेने स्वच्छ आणि ओढ कमी.

ओहोटीच्या वेळी किमान दहा मीटर खोली हवी. जाळ्याचा तळ आणि समुद्राचा तळ यांत चार-पाच मीटर अंतर उरलं पाहिजे, नाहीतर पडलेलं खाद्य आणि विष्ठा खालीच कुजते आणि त्याच पाण्यात मासे श्वास घेतात. ओढ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दहा मीटर दोरी, टोकाला पाण्याने निम्मी भरलेली बाटली. दोरी ताणायला वीस सेकंद लागले तर ओढ सेकंदाला अर्धा मीटर. त्याच्या वर गेली की जाळं पोटासारखं फुगतं, आतली जागा घटते आणि मासे एका बाजूला चेंगरतात. अगदीच ओढ नसेल तर प्राणवायू बदलत नाही. सेकंदाला दहा ते पन्नास सेंटिमीटर हा पट्टा चांगला.

आता कोकणातला खरा धोका. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढून येतं. हे पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत बिकट असतं, आणि वरून समुद्र अगदी निवांत, निळाशार दिसतो. नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडल्या म्हणून पिंजराही टाकायचा नसतो. प्राणवायू मापक दोन आणि पाच मीटरवर आणि तळाशी बुडवून वाचा, तोही पहाटे, कारण तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. जाळ्याच्या तळाच्या खोलीवर लिटरला पाच मिलिग्रॅम मिळाले तर उत्तम, सलग आठवडाभर चारच्या खाली गेला नाही तर बीज सोडा. ऑक्टोबरमध्ये हे जमलं नाही तर नोव्हेंबर उजाडू द्या. पंधरा दिवस गेले तरी चालतील, तीन हजार बोटुकली जायला नकोत.

खाडीच्या तोंडाशी जागा धरत असाल तर वरच्या अंगाला काय आहे ते पाहा. दाभोळ खाडीत वरून वाशिष्ठी येते आणि तिच्या खोऱ्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे. जयगड खाडीत जहाजांचा मार्ग आहे. विजयदुर्गची खाडी खोल आणि आडोशाची. रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) ओढणी, डोल जाळं बांधायच्या खुंटांची रांग, होड्यांचा नेहमीचा रस्ता हे नकाशावर नसतं, ते गावातल्या जाणत्यांकडूनच कळतं. त्यांना सोबत घेऊन जागा जीपीएसवर नोंदवा, आणि मगच कागद हलवा.

परवानग्या

सुरुवात जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून करायची. सिंधुदुर्गचं कार्यालय मालवणला, रायगडचं अलिबागला. बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्याखेरीज मेरीटाईम बोर्ड, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांना जागा कळवावी लागते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्याच्या हद्दीजवळ गेलात तर वनखातंही आलं. किनारी जलकृषी प्राधिकरणाच्या कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने पिंजरा मत्स्यशेतीचाही समावेश झाला आहे, तेव्हा नोंदणीचा प्रश्न आधीच सोडवून घ्या. स्थानिक मच्छीमार संस्थेचा ना-हरकत ठराव मात्र सर्वांत आधी, आणि तो चार डोक्यांच्या बैठकीत नको, सर्वसाधारण सभेत हवा.

करारात काय लिहायचं

सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतात, पण त्यातून कोणाला काही देणं लागत नाही. पैसा आणि मासे गुंतले की खाली दुसरा, बंधनकारक करार लागतो. त्यात पुढच्या गोष्टी नसतील तर सही करू नका.

मासे कोणाचे? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ५०० ग्रॅमचे झाल्यावर विचारला तर उत्तर मिळत नाही. सरकारी संस्थेच्या पैशातून आणलेल्या बीजाचे मासे विकून आलेली रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करावी लागते. म्हणून बीज आणि खाद्य कंपनीने किंवा मच्छीमार संस्थेने घ्यावं. संशोधन संस्थेने मोजमापाची यंत्रं, प्रयोगशाळा आणि माणसं द्यावीत. यात आणखी एक फायदा आहे. संस्थेची खरेदी सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, निविदा, लेखा तपासणी अशा वाटेने जाते आणि तिला महिने लागतात. जाळं डिसेंबरात आलं तर हंगाम गेला.

३१ मार्चची अडचण वेगळी. न वापरलेला निधी परत जातो, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि नवा हप्ता यायला पावसाळा लागतो. वर काढलेल्या हिशोबात एप्रिलमध्ये सहा पिंजऱ्यांना रोज शंभर किलो खाद्य लागतं. एप्रिल आणि मेचे पहिले दहा दिवस धरले तर चार टन, म्हणजे अख्ख्या हंगामाच्या खाद्याचा तिसरा हिस्सा. नेमका तेव्हा खिसा रिकामा असतो. उपाय साधा आहे: एप्रिल-मेचा खर्च अनुदानात दाखवूच नका, तो कंपनीच्या हिश्शात टाका. मार्चमध्येच सगळं खाद्य विकत घेऊन ठेवणं हा उपाय नव्हे. किनाऱ्यावरच्या दमट गोदामात दोन महिन्यांत त्याला बुरशी धरते आणि तेल खवट होतं.

कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे देणार असेल तर एक मर्यादा ध्यानात ठेवा. सार्वजनिक विद्यापीठं आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधनाला सीएसआर देता येतो, पण कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचं काम त्यात बसत नाही. खाद्य कंपनीला स्वतःच्याच खाद्याची चाचणी सीएसआरमधून करता येणार नाही. तिथे सल्लासेवा किंवा करार-संशोधनाची वाट धरायची. संस्थेचं तंत्रज्ञान व्यापारी तत्त्वावर घ्यायचं असेल तर परिषदेची अ‍ॅग्रीइनोव्हेट ही कंपनी तेच काम करते.

आकड्यांची मालकी संयुक्त असावी. कंपनीला निबंध आधी वाचायला साठ दिवस द्या, पण नको असलेला निकाल दाबायचा अधिकार देऊ नका. विद्यार्थ्याचा प्रबंध कंपनीच्या परवानगीवर अडकला तर पुढच्या वर्षी कुणी विद्यार्थी होडीत बसणार नाही. मच्छीमार संस्थेला सगळे आकडे मराठीत, दर पंधरा दिवसांनी मिळाले पाहिजेत.

नुकसान कोणाचं? वादळ, चोरी, रोग आणि निष्काळजीपणा ही चार वेगळी कलमं करा. दोन सह्या असलेली रोजची मरतुकीची वही आणि फोटो नसतील तर विमा कंपनीशी बोलण्यासारखं काही उरत नाही.

मागे मोजलेलं वेळापत्रक

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडात धडकलं. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावरच किनाऱ्याला घासत गेलं. त्यामुळे ‘मेअखेर काढू’ हे धोरण जुनं झालं. मासळी १० मेपर्यंत निघाली पाहिजे, सांगाडे २० मेपर्यंत खाडीत किंवा वाळूवर. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, म्हणजे हंगामाची सुरुवातही निर्धास्त नसते.

१५ ऑक्टोबरला बीज सोडायचं तर पिंजरे आणि नांगर १ ऑक्टोबरपर्यंत पाण्यात हवेत. त्यासाठी साहित्य ऑगस्टअखेर किनाऱ्यावर, म्हणजे मागणी मेमध्ये. बीजाची मागणी त्याहून आधी. अडीच सेंटिमीटरचं पिल्लू थेट समुद्रात टाकलं तर दोनशे दिवसांत ते विकण्याजोगं होत नाही, म्हणून जूनअखेर आणून पावसाळाभर सांभाळून वाढवावं लागतं. इथेच कोकणात अडतं. पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. जिताड्याला त्याचं काही वाटत नाही, तो खाडीतल्या हापात (जाळीच्या कप्प्यात) आरामात वाढतो. पॉम्पॅनोला हजारी दहाच्या आसपास तरी क्षारता हवी, कोबियाला त्याहून बरीच जास्त. त्यांच्यासाठी साठवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या लागतात, आणि त्या चालवायला वीज. पहिल्या वर्षी जिताडाच घ्या, असं आमचं स्पष्ट मत. बाजारात त्याला ओळख आहे, पॉम्पॅनोला गिऱ्हाईक अजून ‘हा पापलेट का?’ असंच विचारतं.

जिताड्याची एक खोड आहे. स्वतःच्या साठ टक्के लांबीचं भावंड तो गिळतो. दहा सेंटिमीटर होईपर्यंत दर आठवड्याला चाळणीतून आकारवारी केली नाही तर एक दिवस मोजायला निम्मेच उरतात, आणि मेलेला एकही दिसत नाही.

पिंजरा आणि नांगर

सांगाडा एचडीपीई या टणक प्लॅस्टिकच्या पाइपचा, दोन समकेंद्री कड्यांचा. जाळं खाली ताणून धरणारं कडं ६३ मिलिमीटर पाइपचं असतं. त्याला भोकं पाडून आतून पोलादी वायर ओवावी लागते, कारण एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं आहे. भोकं विसरलात तर कडं तरंगतं आणि जाळं गुंडाळून वर येतं. आतलं जाळं माशाच्या आकाराप्रमाणे, बाहेरचं राखणीचं जाळं जाड वेणीचं, वर पक्ष्यांसाठी तिसरं. केंड मासा जाळं कुरतडतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्याच्यासाठीच बाहेरचं जाळं, आणि आठवड्यातून एकदा पाण्यात उतरून हाताने चाचपणी. भोक डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतं.

नांगर म्हणून दगड भरलेली तीन टनांची गॅबियन, म्हणजे तारजाळीची, पेटी. पाण्यात दगडाचं वजन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतं, म्हणजे तीन टनांची पेटी तळाशी जेमतेम पावणेदोन-दोन टनांचं काम करते. यात काटकसर नको. साखळी खोलीच्या तिप्पट: दहा मीटर पाण्यात तीस मीटर. पिंजरा तेवढ्या दोरावर वर्तुळात फिरतो, म्हणून एकेरी नांगराच्या दोन पिंजऱ्यांत किमान ऐंशी मीटर अंतर हवं. स्विव्हल (फिरता जोड) न लावल्यास साखळीला पीळ बसतो. पिंजरे सुटतात ते साखळी तुटून क्वचितच, बहुधा साखळी जोडणाऱ्या डी-शॅकल कडीची पिन सैल होऊन. पिनेच्या डोळ्यातून स्टीलची तार घालून बांधा आणि महिन्यातून एकदा पाणबुड्याकडून पाहून घ्या. पिनेची जाडी दहा टक्क्यांनी झिजली की बदलायची.

रोजचं काम आणि नोंदी

फेब्रुवारीपासून पाणी तापतं आणि जाळ्यावर शेवाळ, कालवं, काकयांची पिल्लं दाट बसतात. तीन-चार आठवड्यांनी जाळं बदला. प्रत्येक पिंजऱ्याला दोन संच लागतात, आणि अंदाजपत्रकात बहुधा एकच असतो. काढलेलं जाळं दोन दिवस कडक उन्हात वाळवलं की निम्मं काम होतं.

खाद्य पॉम्पॅनो आणि जिताड्याला ४० ते ४५ टक्के प्रथिनांचं. लहानपणी दिवसातून चारदा, पुढे दोनदा. हाताने टाका, मासे वर येईनासे झाले की थांबा. ठरलेल्या किलोचा हट्ट धरू नका, पण किती टाकलं ते जरूर लिहा. स्वस्तात मिळते म्हणून तारली आणि इतर हलकी, कुटीची मासळी घालण्याचा मोह होतो. एक किलो वाढीला ती सहा-सात किलो लागते, पाणी बिघडवते, आणि तुमच्या संशोधनातलं खाद्याचं माप रोज बदलतं.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिंजऱ्यातून ३० ते ५० मासे काढून लांबी आणि वजन घ्या. सकाळी लवकर, उपाशीपोटी. एकाच कोपऱ्यातून हातजाळं मारलं तर भुकेले, मोठे मासेच येतात आणि वाढ फुगून दिसते. जाळं थोडं उचलून सगळे एकत्र आणून मग काढा. प्राणवायू, तापमान, क्षारता आणि पारदर्शकता रोज. तळाचा गाळ हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी: पिंजऱ्याखाली, पन्नास आणि शंभर मीटरवर, आणि दूरच्या एका जागी. हा दूरचा नमुना खर्चिक वाटतो म्हणून वगळला जातो. उद्या गावात कुणी ‘पिंजऱ्याने मासळी गेली’ म्हटलं तर तोच एक पुरावा हाताशी असतो.

रात्री लाटा निळ्या चमकू लागल्या की पर्यटक येतात, पिंजरेवाल्याने मापक काढायचं. ही चमक आणणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्मजीव दाटला की रात्री प्राणवायू उतरतो आणि अमोनिया वाढतो. त्या दिवसांत खाद्य बंद. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचा लाटा आणि ओढीचा अंदाज रोज बघण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी.

मासे जाळ्याला अंग घासू लागले, चमक मारू लागले तर कातडीवरचे परजीवी समजा. काही मासे काढून गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, हवा सोडत आणि नजर ठेवत. परजीवी गळून तळाशी पांढरे दिसले की निदान झालं, आणि बाकीच्यांचा उपायही तोच. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातलं औषध कोणी सुचवलं तर नाही म्हणा. त्यांवर बंदी आहे, आणि एका नमुन्यात सापडलं तर निर्यातीचा दरवाजा बंद.

काढणी

सगळे पिंजरे एकाच दिवशी काढू नका. सहा पिंजऱ्यांची आठ टन मासळी एका सकाळी बंदरावर आली की लिलावात भाव पडतो, आणि कंपनीच्या खरेदीदाराला नेमकं तेच हवं असतं. एप्रिलच्या मध्यापासून टप्प्याने काढा आणि दराचं सूत्र करारातच ठेवा, उदाहरणार्थ त्या आठवड्यातल्या रत्नागिरी आणि मालवणच्या लिलावाची सरासरी. मात्र चाचणीचे पिंजरे असतील तर दोन्ही खाद्यांचा एकेक पिंजरा जोडीनेच काढायचा, नाहीतर तुलना मोडते. काढणीआधी एक दिवस उपास, किलोला किलो बर्फ, आणि वजन बंदरावर तिघांच्या प्रतिनिधींसमोर.

सांगाडे वर आले की गॅबियन तळाशीच राहतात. त्यांच्या जागा जीपीएससह बंदर कार्यालयाला आणि मच्छीमार संस्थेला लेखी द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये कुणाचं तरी जाळं त्यात अडकतं. जाळी गोड्या पाण्यात धुऊन उंदरांपासून दूर टांगा. हिशोब आणि कच्चे आकडे १५ जूनपर्यंत तिन्ही भागीदारांकडे पोहोचले पाहिजेत, कारण नव्या हंगामाचं बीज जूनअखेर येऊन ठेपलेलं असतं.